घ्यायचं नसेल तर भाव विचारू नये, असं ज्यू धर्मात खरंच लिहिलंय का?

जाईजुई

मी इस्राएलमध्ये केअरगिव्हर आहे. ज्यांना सांभाळते त्यांना साबा म्हणते, म्हणजे आजोबा. नव्वदीला टेकलेत. पाय गेलेत, डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. धार्मिक आहेत, पण उठसूट उपदेश करणाऱ्यांतले नाहीत. फुटबॉलची मॅच असली की जेवणसुद्धा थांबतं.

त्यांच्या काही गोष्टी धर्मातल्या आहेत की त्यांच्या स्वतःच्या, हेच मला कळत नाही. विचारलं तर भरभर काहीतरी सांगतात, आणि माझं हिब्रू गोळ्या, डायपर, डॉक्टर आणि भाजी एवढ्यापुरतंच.

पहिली गोष्ट. त्यांना व्हीलचेअरवरून फिरवत होते, बॅगांच्या दुकानात एक मोठी निळी सूटकेस दिसली. घरी जायचंय ते पुढच्या वर्षी, त्यामुळे आत्ता घ्यायची नव्हतीच, सहज विचारलं केवढ्याला. दुकानदार वयस्कर, दुकानात एकटाच. त्याने शिडी लावली, वरच्या फळीवरून सूटकेस उतरवली, प्लास्टिक सोडवलं, चेन उघडून आतले कप्पे दाखवले, चाकं फिरवून दाखवली. ३२० शेकेल म्हणाला, मग आपणहून ३०० वर आला. मी "बघते" म्हणून निघाले. बाहेर आल्यावर साबांनी विचारलं, घेणार होतीस का? मी म्हटलं नाही. "मग विचारलंस कशाला?" आणि कोपऱ्यापर्यंत तोंड फिरवून बसले. मला वाटलं उन्हाने वैतागलेत. पण रात्री गोळ्या देताना परत तेच. घ्यायचं नाही त्याने भाव विचारायचा नाही, ती चोरीच. मी म्हटलं, मी काय चोरलं? तर म्हणाले, "त्याची शिडी."

दुसरी गोष्ट मनाला लागलेली आहे. शुक्रवारी रात्री पाहुणे होते. डॉक्टरांनी साबांचं मीठ बंद केलंय म्हणून सूप अळणी होतं. त्यांच्या मुलीला हे माहीत आहे, तरी ती सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाली, "हिच्या हातचं खाल्लं की कळतं, हिला घरी कुणी काही शिकवलंच नाही." पाहुणेही हसले. मी भांडी उचलायला लागले. साबांनी चमचा खाली ठेवला आणि मुलीला म्हणाले, "तू रक्त सांडलंस." एवढं हिब्रू मला कळतं. टेबलावर सगळे चिडीचूप. मलाच कसंतरी झालं, सुपावरून एकदम रक्तावर? नंतर ती स्वयंपाकघरात येऊन सॉरी म्हणून गेली.

आणि तिसरी, विचारायला जरा लाज वाटते. बाथरूममधून बाहेर आणलं, हात धुतले, की ते दर वेळी काहीतरी पुटपुटतात. रात्री तीन वाजता अर्धवट झोपेतसुद्धा. सुरुवातीला वाटायचं मलाच शिव्या घालतायत.

कुणाला यातलं काही माहीत आहे का?

तर्कटराव

म्हातारपणी माणसं असे एकेक नियम काढतात आणि वर धर्माचा शिक्का मारतात. भाव विचारणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. विचारल्याशिवाय महाग की स्वस्त कळणार कसं? शिडी चढणं हा त्याच्या धंद्याचा भाग, त्याचे पैसे तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. रक्ताचं तर अतीच झालं. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका.

अधलेमधले

तर्कटराव, घाई केलीत. नियम साबांचा नाही, चांगला अठराशे वर्षं जुना आहे. मिश्ना म्हणून जो ज्यू कायद्याचा मूळ संग्रह आहे, तो रब्बी (म्हणजे धर्मपंडित) यहूदा हनासी यांनी गालीलमध्ये इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध केला. त्यातल्या 'बाबा मेत्सिया' या भागाच्या चौथ्या अध्यायात जाईजुईंचं दुकान जसंच्या तसं आहे.

गंमत म्हणजे तो अध्याय उपदेशाचा नाही, बाजाराच्या कायद्याचा आहे. वाजवी किमतीपेक्षा एक षष्ठांश जास्त घेतलं तर जादाचे पैसे परत. षष्ठांशाच्या वर गेलं तर सौदा मोडता येतो. त्याहून कमी फरक असेल तर सोडून द्यायचं. हिशोब नाण्यावर मांडलाय, २४ मा म्हणजे एक सेला, त्यात ४ मांचा फरक. तक्रारीला मुदत किती? एखाद्या व्यापाऱ्याला किंवा नातेवाइकाला माल दाखवून येण्याइतकी. इतका रोखठोक मामला आहे सगळा. आणि मग त्याच ओघात वाक्य येतं की खरेदी-विक्रीत जशी फसवणूक असते तशी बोलण्यातही असते, म्हणून घ्यायचं नसेल तर "ही वस्तू केवढ्याला?" असं विचारू नये.

सोळाव्या शतकात सफेदच्या योसेफ कारो यांनी रोजच्या आचाराचा जो कायदेग्रंथ लिहिला, त्यातही हे दिवाणी कायद्याच्या खंडात आहे. पूजाअर्चेच्या खंडात नाही. याहून खोलात मी गेलेलो नाही. इथे एक लोदकर म्हणून आहेत, ते बघतील तर बरं.

लोदकर

बघितलं.

जाईजुई, साबांना माझा शालोम सांग. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, आईबापांबरोबर लहानपणी इकडे आलो. लोद गावात राहतो, आणि आमच्यात गावावरूनच आडनावं पडतात, म्हणून हे नाव. विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात वेल्डर होतो. रब्बी वगैरे नाही. मंगळवारी संध्याकाळी सिनेगॉगमध्ये आम्ही काही म्हातारे तालमुदचं, म्हणजे मिश्नावर रब्बींनी केलेल्या चर्चांच्या ग्रंथाचं, एक पान उघडून त्यावर भांडतो, तेवढंच माझं शिक्षण.

आधी बाथरूमचं. ती शिवी नाही, प्रार्थना आहे, 'अशेर यात्सार'. तिचा आशय असा: तू माणसाला शहाणपणाने घडवलंस, त्याच्या अंगात कितीतरी छिद्रं आणि पोकळ्या ठेवल्यास, त्यातलं एखादं भलतीकडे उघडलं किंवा एखादं तुंबलं तर तुझ्यापुढे तासभरही उभं राहता येणार नाही. तालमुदच्या बराखोत भागात आहे. तरुणपणी आम्ही ती बस पकडायच्या घाईत उरकायचो. प्रॉस्टेटच्या ऑपरेशननंतर माझा कॅथेटर काढला, त्या दिवशी मी तिचा शब्द न् शब्द सुटा म्हटला. साबा रात्री तीनला का म्हणतात, ते तुला तुझ्या कामामुळे माझ्याहून जास्त कळेल.

आता भाव. अधलेमधल्यांनी जे वाक्य सांगितलं त्याला लागूनच आणखी दोन आहेत. एखादा वाईट मार्ग सोडून सुधारला असेल तर "आधी काय होतास ते आठव" असं त्याला म्हणू नये. आणि कुणी धर्मात नव्याने आलेल्यांचा मुलगा असेल तर "तुझे बापजादे काय करायचे ते आठव" असं म्हणू नये. पुढे तालमुदात रब्बी भर घालत जातात. आजारी माणसाला, किंवा ज्याची मुलं गेली त्याला, "तुझ्याच हातून काही घडलं असेल" म्हणू नये, बायबलमधल्या दुःखी ईयोबाला त्याचे मित्र म्हणाले तसं. गाढववाले धान्य शोधत आले तर ज्याने जन्मात धान्य विकलं नाही अशाच्या दारात त्यांना गंमत म्हणून पाठवू नये. आणि माझं सगळ्यात लाडकं: ज्याच्या घराण्यात कुणाला फाशी झाली असेल त्याला "हा मासा जरा टांगून ठेव" असंही म्हणू नये. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्या माशाचा विचार केला, यातच मला सगळं आलं.

याच्यामागे एक कारण दिलंय ते तर्कटरावांसाठी. तू घेणार होतीस की नव्हतीस, हे त्या दुकानदाराला कधीच कळणार नाही. कुठल्या न्यायालयात ते सिद्ध करता येणार नाही. तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ, त्यातल्या लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात "एकमेकांना नाडू नका" हे दोनदा आलंय. रब्बी म्हणतात, पहिलं पैशाबद्दल आणि दुसरं बोलण्याबद्दल. फक्त दुसऱ्याच्या पुढे "आपल्या देवाचं भय बाळग" असं जोडलंय. जे तुझ्या मनालाच ठाऊक, तिथे साक्षीला दुसरा कोण येणार? त्यावरून शिमोन बार योखाय यांचं मत पडलं की बोलून नाडणं पैशाने नाडण्यापेक्षा वाईट. दुसरे एक रब्बी सरळ व्यवहाराचं बोलतात: पैसे परत करता येतात, हे परत करता येत नाही.

आता रक्त. ते त्याच पानावर आहे. एक पाठक रब्बी नाखमान बार इत्सखाक यांच्यापुढे म्हणाला, "चारचौघांत जो दुसऱ्याचं तोंड पांढरं पाडतो, त्याने जणू रक्त सांडलं." ते म्हणाले, "बरोबर बोललास. आम्ही पाहतोच की, लाली जाते आणि पांढरं येतं." म्हणजे त्या रात्री टेबलावरचे सगळे सुपाकडे बघत होते आणि साबा तुझ्या चेहऱ्याकडे.

तिथेच खाली ज्यांची नरकातून सुटका नाही अशांची यादी आहे. त्यात दुसऱ्याला चारचौघांत लाजवणारा आहे आणि वाईट टोपणनावाने हाक मारणारा आहे. कुणीतरी विचारतं, टोपणनाव म्हणजे शेवटी लाजवणंच ना, वेगळं कशाला सांगायचं? उत्तर असं की त्याला त्या नावाची सवय झाली असली, तरीही. कारखान्यात आम्हा भारतातून आलेल्यांना एक नाव होतं. फोरमन म्हणायचा, यांना राग येत नाही, सवय झालीय.

तर्कटराव

लिहिलेलं आहे हे मान्य, शब्द मागे घेतो. पण मग आज वेबसाइटवर दिवसभर भाव बघतो ते सगळं पाप का? आणि असा धर्म माणसाला तोंडच उघडू देणार नाही. मासा म्हणू नको, भाव म्हणू नको. मतभेद कसे मांडायचे? शिवाय पुस्तकात सगळ्यांच्याच छान छान लिहिलेलं असतं. पाळतं कोण?

लोदकर

तीन प्रश्न आहेत, पहिला फुटकळ आहे.

बंदी भाव विचारण्याला नाही. मनात घ्यायचं नसताना विकणाऱ्याला आशेला लावण्याला आहे. चार दुकानं हिंडून स्वस्तातलं घ्यायचं असेल तर खुशाल विचारा. आमच्या शेजारी रमलेचा बाजार आहे, तिथे ढिगावर पाटी खोचलेली असते आणि माणसं नुसती ओरडत असतात, कुणाची शिडी लागत नाही. वेबसाइटला आशा नसते. उलट आजचा खरा प्रकार माझ्या नातवाचा. दुकानात जाऊन विक्रेत्याकडून बुटाचे चार डबे काढून घ्यायचे, पायात घालून चालून बघायचं, आणि बाहेर येऊन मोबाइलवर मागवायचे. मंगळवारी यावर आमच्या सगळ्यांचं एकमत झालं. असं सहसा होत नाही.

दुसरा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं उत्तर माशाच्याच पानावर आहे. तालमुदातलं सगळ्यात गाजलेलं भांडण तिथे आहे, आणि त्यातला माणूस आमच्या गावचा. रब्बी एलिएझर बेन हुर्कनोस लोदमध्ये शिकवायचे.

वाद कसला, तर एका भट्टीचा. खापराचे तुकडे करून मध्ये वाळू भरून रचलेली भट्टी विटाळते की नाही? एलिएझर म्हणाले नाही, बाकी सगळे म्हणाले विटाळते. त्यांनी जगातले सगळे युक्तिवाद मांडले, कुणी ऐकेना. मग म्हणाले, माझं बरोबर असेल तर हे कॅरोबचं झाड सांगेल. झाड शंभर हात सरकलं. मंडळी म्हणाली, झाडाचा पुरावा चालत नाही. मग ओढ्याचं पाणी उलटं वाहिलं. ओढ्याचाही चालत नाही. मग अभ्यासगृहाच्या भिंती कलल्या. रब्बी यहोशुआ भिंतींवर खेकसले, "विद्वान वाद घालतायत, तुमचा काय संबंध?" त्यांचा मान राखून भिंती पडल्या नाहीत, एलिएझरचा मान राखून सरळही झाल्या नाहीत. शेवटी आकाशवाणी झाली की एलिएझरचंच बरोबर. तेव्हा यहोशुआ उठून उभे राहिले आणि तोरातलंच वाक्य म्हणाले, "ती स्वर्गात नाही." म्हणजे आता निर्णय इथे होणार, बहुमताने. पुढे कुणीतरी एलियाह प्रेषिताला विचारलं, तेव्हा देव काय करत होता? तो म्हणाला, हसत होता, "माझ्या लेकरांनी मला हरवलं" म्हणत होता.

तोंड उघडायचं म्हणता ना तर्कटराव? इथे देवाला गप्प बसवलंय.

पण लोक गोष्ट इथेच आटोपती घेतात, कारण इथे मजा येते. पान पुढे जातं. त्या दिवशी एलिएझरनी जे जे शुद्ध ठरवलं होतं ते सगळं आणून जाळलं आणि त्यांना वाळीत टाकलं. आता हे जाऊन सांगणार कोण? अकीवा म्हणाले, मी जातो, भलताच कुणी गेला तर जग बुडेल. काळे कपडे घालून गेले, चार हात लांब बसले. एलिएझरनी विचारलं, आज काय विशेष? अकीवा म्हणाले, "गुरुजी, मला वाटतं मंडळी तुमच्यापासून जरा दूर झालीयत." मी हे वाक्य कितीदा वाचलं असेन. 'वाळीत' हा शब्द त्यात नाही. गुरूला वाळीत टाकलंय आणि जणू लांब झालीयत ती मंडळीच. एलिएझरनी कपडे फाडले, जोडे काढले, जमिनीवर बसले आणि रडले.

त्यांची बायको इम्मा शालोम ही सभेचे प्रमुख रब्बान गम्लिएल यांची बहीण. तिला धसका बसला होता. नवऱ्याने जमिनीवर कपाळ टेकून मन मोकळं केलं तर माझ्या भावाचं काही खरं नाही. रोज त्या प्रार्थनेच्या वेळी ती त्यांना अडवायची. एक दिवस दारात भिकारी आला, ती भाकर द्यायला उठली, परत येऊन बघते तर नवरा कपाळ टेकून पडलेला. "ऊठ," ती म्हणाली, "माझ्या भावाला मारलंस." तेवढ्यात गम्लिएलच्या घरून शिंग वाजलं, ते गेले होते. तुला कसं कळलं, एलिएझरनी विचारलं. म्हणाली, माहेरचं ऐकलेलं आहे, प्रार्थनेची सगळी दारं बंद होतात, बोलून दुखावलेल्याचं दार बंद होत नाही.

आता ही गोष्ट ठेवलीय कुठे? शुद्ध-अशुद्धाच्या प्रकरणात नाही, तर भाव विचारू नये त्याच प्रकरणात. बहुमत चुकीचं होतं असं तालमुद कुठेही म्हणत नाही. निकाल बरोबर, आणि माणूस दुखावला हेही खरं. एकाने दुसरं फिटत नाही.

पाळतं कोण, याचं उत्तर मला हसण्यावारी नेता येत नाही. मिश्नातलं ते तिसरं वाक्य बघा, बापजाद्यांचं. आम्ही काही धर्मात नव्याने आलेले नाही. कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवायचो, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. तरी १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींच्या पीठाने सूचना काढली की बेने इस्राएलांपैकी कुणाचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी आईकडच्या पिढ्या मागे जातील तितक्या तपासा. १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि मग त्या सूचनेतून आमचं नाव गाळलं. ज्यांनी ती काढली त्या सगळ्यांना ही मिश्ना तोंडपाठ होती. आमच्या लोकांनी तरीही तीच मिश्ना वाचायची सोडली नाही. दुसरी कुठली वाचणार?

अधलेमधले

एक भट्टी आलीच आहे तर दुसरीही येऊ द्या, केतुबोत भागातली. माझ्या मते ती जास्त चांगली आहे, कारण तीत कुणी मरत नाही.

मार उक्वा हे बाबिलोनियातले मोठे गृहस्थ. शेजारच्या एका गरिबाच्या दाराच्या खाचेत ते रोज चार झुझ, म्हणजे चार नाणी, टाकून जायचे, गुपचूप. एक दिवस त्या गरिबाला वाटलं, बघू तरी कोण टाकतं. नेमका त्या दिवशी उक्वांना अभ्यासगृहात उशीर झाला म्हणून बायकोही बरोबर होती. दार हललेलं बघून तो बाहेर आला, हे दोघे पळाले, आणि लपायला जागा मिळेना म्हणून नुकत्याच निखारे झाडलेल्या भट्टीत शिरले. उक्वांचे पाय भाजायला लागले. बायको म्हणाली, माझ्या पायांवर ठेव. तिचे भाजत नव्हते. उक्वा खट्टू झाले. तेव्हा ती म्हणाली, मी घरात असते, दारात येणाऱ्याला तयार अन्न देते, ते लगेच पोटात जातं. तू पैसे देतोस, त्याला मग बाजारात जावं लागतं.

दोघांनी एवढा खटाटोप का केला, तर दुसऱ्याला लाजवण्यापेक्षा जळत्या भट्टीत उडी घेतलेली बरी, असं एक वचन आहे. त्यांनी ते अक्षरशः घेतलं.

जाईजुई

लोदकर काका, मी साबांना मोडक्या हिब्रूत एवढंच म्हटलं, "मासा टांगू नका." ते इतके हसले की खोकला लागला आणि पाणी द्यावं लागलं. मग शेल्फवरचं जाडजूड पुस्तक काढायला लावलं आणि पान उघडून बोट ठेवून दाखवलं. कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, ते त्यांच्या वडिलांचं अक्षर म्हणे.

पण आता नवीनच सुरू झालंय. साबा मुलीला म्हणतात, पाहुण्यांसमोर बोललीस तर पाहुण्यांसमोरच माफी माग. तिला ते झोंबलंय. परवा आली तेव्हा माझ्याशी बोललीसुद्धा नाही. मी तिला हो हो म्हटलं होतं, पण मनातून काही गेलेलं नाही. अशा वेळी माफ करायलाच लागतं का?

आणि पगार तीच देते. कधी ५ तारखेला, कधी १५. महिना संपला की साबा रोज विचारतात, मिळाले का? मी संकोचाने हो म्हणते. घरातली भांडणं नकोत.

लोदकर

पेन्सिलीचा फोटो काढून ठेव.

माफीचं. मिश्नात योमा भागाच्या शेवटी स्पष्ट आहे की माणूस आणि देव यांच्यातली पापं योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, धुतली जातात, माणसामाणसातली मात्र ज्याला दुखावलं त्याची समजूत घातल्याशिवाय नाही. रम्बाम, म्हणजे मध्ययुगातले मोठे कायदेपंडित मायमोनिदेस, हे आणखी बारकाईने मांडतात. ज्याने दुखावलं त्याने जाऊन मागायची. समोरचा बधला नाही तर तीन माणसं घेऊन जायचं. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तरीही नाही म्हणाला तर सोडून द्यायचं, आता दोष त्याचा. कुणी मनापासून मागत असताना अडून बसणाऱ्याला ते निष्ठुर म्हणतात. म्हणजे तुझ्यावरही जबाबदारी आहे, पण घाईघाईने "हो हो" म्हणायची नाही.

तेच रम्बाम दुसरीकडे लिहितात की दुखावलेल्याने मनात ठेवून गप्प बसू नये, त्या माणसाला सांगावं, तू असं का केलंस. आणि सांगायचं ते एकटं गाठून, हळू आवाजात. तर ती पुढच्या खेपेला आली की स्वयंपाकघरात बोलाव. "सूप अळणी का होतं ते तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही माझ्या घरच्यांवरून बोललात, ते लागलं." एवढंच. साबांची पाहुण्यांबद्दलची अट हा त्या बापलेकीचा मामला आहे, त्यात तू पडू नकोस. माझं विचारशील तर साबांचं बरोबर आहे, पण मुलीलाही चारचौघांत सुनावलं त्यांनी, तेही त्याच टेबलावर. हे त्यांना मी सांगितलं असं सांगू नकोस.

आता पगार, आणि इथे मी रागावणार आहे. तोरात दोन ठिकाणी आहे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवू नको, आणि ज्या दिवशीची त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलाय. तालमुद त्यावर विचारतो, हा माणूस उंच शिडीवर का चढला, झाडाला का लोंबकळला, मरायला का तयार झाला? मजुरीसाठीच ना? साबा रोज विचारतात ते उगाच नाही. त्यांच्या डोक्यावर ते ओझं आहे आणि तू खोटं हो म्हणून त्यांना ते उतरवू देत नाहीस.

पण मिश्नात एक मेख आहे, बाबा मेत्सियाच्याच नवव्या अध्यायात. मजुरी थकवल्याचा दोष कधी लागतो? मजुराने मागितली तर. मागितलीच नाही तर लागत नाही. तेव्हा तोंड उघड.

हल्लीचा कायदाही आहे, १९५८ चा वेतनसंरक्षण कायदा. महिन्याचा पगार महिना संपताच देणं लागतो, आणि पुढच्या महिन्याच्या ९ तारखेपर्यंत आला नाही तर तो थकवलेला धरतात, त्यावर भरपाई मागता येते. १ तारखेला मेसेज टाकत जा, लेखी राहू दे, स्क्रीनशॉट ठेव. साबांनी विचारलं आणि मिळाला नसेल तर नाही म्हण. आणि करारावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते आजच बघ. बहुतेक साबांचंच असेल. तसं असेल तर पैसे मुलीच्या हातून आले तरी मागायचे साबांकडेच.